बाकड्यापासून बाकड्यापर्यंत: कमरेच्या मणक्यातला स्टेनोसिस आणि चालणं

कोल्हापुरात रंकाळ्यावर संध्याकाळी बाकड्यावर टेकलेली माणसं दोन तऱ्हेची असतात. काही गप्पा मारायला बसलेली, काही पाय परत चालू होईपर्यंत बसलेली. मी चार वर्षांपासून दुसऱ्या तऱ्हेत आहे. वय ६८, पेशा मास्तरकीचा. तीस वर्षं फळ्यापुढं उभा राहिलो, पायांनी कधी कुरकुर केली नाही. मग एका संध्याकाळी दहा मिनिटं चालल्यावर ढुंगणापासून पोटरीपर्यंत दोन्ही पाय असे जड झाले, की भिजलेली पोती बांधल्यागत वाटायला लागलं. बाकड्यावर टेकलो. दोन मिनिटांत सगळं गायब. उठलो तर पाय ठणठणीत! माझं मलाच खोटं बोलल्यासारखं वाटलं. घरी सांगितलं तर सौभाग्यवती म्हणाली, "मंडईत जायचं म्हटलं की बरे भरून येतात तुमचे पाय."

या दुखण्याची गंमत आणि अडचण हीच. चालताना येतं, बसलं की जातं. बघणाऱ्याला ते नाटक वाटतं, आणि डॉक्टरसमोर खुर्चीत बसेपर्यंत दाखवायला काही उरत नाही. एका दवाखान्यात माझ्या गुडघ्यावर सहा महिने उपचार झाले. गुडघा बिचारा निर्दोष होता.

ज्यांच्या एमआरआयच्या कागदावर 'लंबर कॅनॉल स्टेनोसिस' (म्हणजे कमरेच्या मणक्यातली नसांची वाट अरुंद होणं) असं लिहून आलंय, किंवा ज्यांना तशी शंका आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नव्हे. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टकडून जे शिकलो आणि स्वतःच्या पायांवर तपासून पाहिलं, तेवढंच इथं आहे.

सगळ्यात आधी: कशात वाट बघायची नाही

लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर झाला, पायातली ताकद दिवसागणिक कमी व्हायला लागली, पाऊल लोंबायला लागलं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्याच्या आपत्कालीन विभागात जायचं. सीपीआर (आमचं कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) असो की खाजगी. 'सकाळी बघू' म्हणायचं नाही. लघवी-शौचाच्या आणि पायांच्या नसा फार काळ दाबून राहिल्या तर गेलेला ताबा परत येईलच असं नाही. कमरेच्या दुखण्याबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल किंवा नुकतेच पडला असाल, तर तेही लवकर दाखवा.

आणखी एक. शर्टाची बटणं लावता येईनात, किल्ली कुलपात नीट जाईना, चालताना झोक जातोय, असं असेल तर गडबड कमरेत नसून मानेत असू शकते. मानेतला स्टेनोसिस हे वेगळं आणि जास्त नाजूक प्रकरण. त्याला या लेखातलं काही लावू नका, आणि दाढी-कटिंग झाल्यावर मान कडकन मोडून घेण्याचा षौक असेल तर तो आजच सोडा.

आत नेमकं काय झालेलं असतं

आपल्याकडं कमरेचं कुठलंही दुखणं 'मणक्यात गॅप आलाय' या एका वाक्यात बसवतात. इथं प्रकार उलटा आहे. जागा वाढलेली नसते, कमी झालेली असते.

मणक्यांच्या मागून एक पोकळ वाट खाली जाते. मुख्य मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि त्याखाली पायांकडं जाणाऱ्या नसांचा झुबका घोड्याच्या शेपटीसारखा लोंबत असतो. आता नवरात्रातला महाद्वार रोड डोळ्यांपुढं आणा. रस्ता तेवढाच, पण एका बाजूनं पथाऱ्या, दुसऱ्या बाजूनं दुकानांच्या पुढं आलेल्या पायऱ्या, वरून ताडपत्र्या. मणक्यात हेच होतं. वयानुसार पुढून दोन मणक्यांमधली चकती फुगते, बाजूचे सांधे जाड होतात, मागचा लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारा पट्टा) सुटून घडी पडल्यासारखा आत येतो. नसांना वाट उरत नाही. ही अडचण सगळ्यात जास्त चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मध्ये होते. रिपोर्टात तिथं 'एल-फोर एल-फाइव्ह' असं लिहिलेलं सापडेल. वाटेची पुढून मागची रुंदी साधारण १२ मिलिमीटरच्या खाली गेली की अरुंद आणि १० च्या खाली गेली की फारच अरुंद मानतात.

पुढचा मुद्दा नीट समजला तर बाकीचा लेख नाही वाचला तरी चालेल. ताठ उभं राहिलं किंवा मागं वाकलं की ही वाट आणखी आवळते. पुढं वाकलं किंवा बसलं की जरा मोकळी होते, वरच्या ताडपत्र्या गुंडाळल्यागत. म्हणजे आपलं भांडण चालण्याशी नाही, ताठ उभं राहण्याशी आहे. म्हणून तर मंडईत हातगाडी ढकलणारा माझ्या वयाचा माणूस दिवसभर चालतो आणि मी अंबाबाईच्या दर्शनरांगेत वीस मिनिटांत भिंत शोधतो. पन्हाळ्याच्या चढावर माणूस आपोआप पुढं झुकतो, त्यामुळं चढ सोसतो. उतारावर शरीर मागं जातं आणि पाय बोलायला लागतात. दम लागणाऱ्यांचं बरोबर याच्या उलट असतं, म्हणून सोबतच्यांना ते पटत नाही.

पहिलं काम: आठवडाभर वही

दवाखान्यात जायच्या आधी सात दिवस लिहून काढा. किती मिनिटं सलग चाललात. काय सुरू झालं: कळ, मुंग्या, गोळे, जडपणा, बधिरपणा, एका पायात की दोन्ही. किती वेळ बसल्यावर गेलं. चौथी नोंद बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे नुसतं उभं राहून किती मिनिटं निघतात. किलोमीटर मोजायच्या फंदात पडू नका. रंकाळ्याला मी बाकडी मोजायचो, राजारामपुरीत गल्ल्या. तिसऱ्या गल्लीपर्यंत जातो, पाचवी येत नाही, हे डॉक्टरला लगेच कळतं.

दुसरं काम: हे पायातल्या रक्ताचं तर नाही ना?

माझा तालमीतला एक जुना दोस्त आहे, विडी ओढणारा. त्याचेही पाय चालताना भरून यायचे. दोघं एकत्र फिरायचो, एकत्र थांबायचो आणि आपलं दुखणं एकच, असं समजून एकमेकांना तेलं सुचवायचो. एक दिवस लक्षात आलं की मी बाकडं शोधतो आणि तो कठड्याला हात लावून नुसता उभा राहतो. मिनिटभर उभा राहिला की त्याची पोटरी मोकळी. मी उभा राहिलो तर माझं वाढतं.

फरक तिथंच होता. त्याच्या पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. त्यात दुखणं बहुधा पोटरीत येतं, उभं राहिलं तरी थांबतं, चढावर जास्त होतं आणि सायकल मारतानाही होतं. पाऊल गार पडतं, घोट्यापाशी नाडी लागत नाही. स्टेनोसिसवाल्याला सायकल जमते, कारण हँडलवर माणूस वाकलेला असतो. हा फरक घरी बघता येतो, पण निकाल डॉक्टरच देणार. काहींना दोन्ही असतात. दोस्ताची विडी सुटली. ती मी सोडायला लावली असं तो चारचौघांत सांगतो, पण खरं म्हणजे त्याच्या डॉक्टरनं त्याला पाय कापायची भीती घातली होती.

तळव्यांची आग रात्री झोपल्यावरही होत असेल आणि बसण्या-उठण्याशी तिचा संबंध नसेल, तर मधुमेहामुळं किंवा बी-ट्वेल्व्ह कमी झाल्यामुळं नसा बिघडल्या असतील. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांचं बी-ट्वेल्व्ह घटू शकतं, म्हणून ते एकदा तपासून घ्या.

तिसरं काम: डॉक्टर आणि एमआरआय

अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मेंदू-मज्जातंतू शल्यचिकित्सक, दोघांपैकी कुणीही चालेल. वही पुढं ठेवा. ते पायाच्या बोटांची ताकद, संवेदना, नाडी बघतील. उभ्यानं, आणि पुढं-मागं वाकून एक्स-रे काढायला सांगितला तर कंटाळू नका. मणका मणक्यावरून सरकतोय का, ते त्यात दिसतं आणि पुढं ऑपरेशन कुठलं करायचं हे त्यावर ठरतं.

एमआरआयचा कागद घरी आणून एकट्यानं वाचत बसू नका. मी बसलो होतो. 'सिव्हिअर' हा शब्द तीन वेळा वाचून रात्रभर झोप नाही. साठी ओलांडलेल्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये वाट अरुंद दिसते आणि त्यांना काही त्रास नसतो. उलट फोटो बरा आणि पाय वाईट असंही होतं. उपचार पायांवर करायचा, फोटोवर नाही. शिवाय हे दुखणं बहुतेकांत झपाट्यानं वाढत नाही. बरेच जण वर्षानुवर्षं आहे तिथंच राहतात, काही सुधारतात, थोडे बिघडतात. म्हणजे प्रयोग करायला वेळ असतो.

चौथं काम: चालणं परत बसवायचं

सुरुवातीला मी दोन चुका केल्या. आधी मास्तरी जिद्दीनं दुखणं सहन करत पुढं रेटलं, आणि ते जमेना म्हणून चालणंच सोडलं. दुसरी चूक मोठी. चालणं सुटलं की मांड्या सुकतात, वजन वाढतं, दम जातो, आणि मग नेमकं काय कशामुळं होतंय हेच कळेनासं होतं.

फिजिओथेरपिस्टनं शिकवलेली पद्धत अशी. वहीतली तुमची सलग चालण्याची मिनिटं घ्या. समजा दहाव्या मिनिटाला पाय भरून येतात, तर सातव्या-आठव्या मिनिटाला बसायचं. पाय मागतात म्हणून बसायचं नाही, मागायच्या आधी बसायचं. बसल्यावर कोपरं मांडीवर टेकवून पुढं वाकायचं, बूट बांधायला वाकतो तसं. दोन-तीन मिनिटं. पाय पूर्ण मोकळे झाले की पुढची खेप. अशा खेपा करत एकूण वीस ते तीस मिनिटं भरायची. दोन आठवडे नीट गेले की खेपेत एक मिनिट वाढवायचं. वाईट दिवशी एक कमी करायचं, त्यात अपमान नाही.

यासाठी जागा निवडावी लागते. रंकाळा चांगला, कारण बसायला कठडा आणि बाकडी आहेत, पण रविवारची संध्याकाळ टाळा, कारण चौपाटीच्या गर्दीत सगळी बाकडी भेळवाल्यांच्या गिऱ्हाइकांनी भरलेली असतात. विद्यापीठाच्या आवारात सावली आहे, गाड्या कमी आहेत. पहिल्यांदा जाताना बसायच्या जागा हेरून ठेवा. महाद्वार रोड मात्र सरावासाठी नको. तिथं चालणं कमी आणि उभं राहणं जास्त.

आधार कुठला घ्यायचा? साध्या काठीनं तोल सांभाळला जातो, पण माणूस फारसा वाकत नाही. चाकं, ब्रेक आणि बसायला पट्टी असलेला वॉकर जास्त कामाचा. त्याचा दांडा नेहमीपेक्षा किंचित खाली ठेवला की शरीर आपोआप पुढं झुकतं. किती खाली, ते फिजिओथेरपिस्टला विचारा, नाहीतर खांदे धरतात. लोक काय म्हणतील म्हणून मी वॉकर वर्षभर टाळला आणि त्याऐवजी नातवाची बाबागाडी ढकलत हिंडलो. तेच काम झालं, कुणी काही म्हणालं नाही! मॉलमधली ट्रॉलीसुद्धा अशीच. दोन बिस्किटपुडे घ्यायचे असले तरी ट्रॉली घ्या. पावसाळ्यात मात्र छत्रीला काठी करू नका. शेवाळलेल्या फरशीवर तिचं टोक सरकतं.

पायताणाचं बोलायलाच हवं, कारण आपलं गाव कोल्हापुरी चपलेचं. चप्पल झकास, पण मागं पट्टा नाही. पावलात बधिरपणा असेल तर ती पायातून कधी निसटली ते कळत नाही, आणि पाऊल उचललं जात नसेल तर तिचं टोक अडकतं. लग्नकार्यात, बसल्या जागी खुशाल मिरवा. फिरायला जाताना मागून बंद, न घसरणारा बूट.

घरात आणि बाहेर उभं राहण्याची कामं

आमच्या घरी हे उशिरा लक्षात आलं, ते सौभाग्यवतीच्या बहिणीमुळं. तिलाही हाच त्रास आणि ओट्यापाशी उभ्यानं भाकऱ्या थापणं तिला अशक्य झालं होतं. तिनं ओट्याखाली एक पाट उपडा ठेवला. एक पाय त्यावर, पाच मिनिटांनी दुसरा. पाय वर ठेवला की कमरेची खोलगट कमान कमी होते आणि नसांना जागा मिळते. भाजी निवडणं, चिरणं, कणीक मळणं टेबलाशी बसून. इस्त्रीही बसून. आता ती चार भाकऱ्या एका दमात करते, पाचवीला बसते.

झोपताना कुशीवर, गुडघे पोटाकडं घेऊन, मध्ये उशी. उताणं झोपायचं असेल तर गुडघ्यांखाली उशी. पालथं झोपू नका, कंबर मागं वाकते. माळ्यावरचं सामान मान-पाठ मागं करून काढू नका. देवदर्शनाला गर्दीच्या दिवशी जायचंच असेल तर घडीचा हलका स्टूल काखेत ठेवा किंवा मुखदर्शन घ्या. आई समजून घेते. लग्नाच्या बुफेत आधी खुर्ची पकडायची, मग कुणालातरी ताट आणायला लावायचं. उभ्यानं जेवण हा प्रकार मला तसाही कधी पटला नव्हता, आता वैद्यकीय कारण मिळालं.

व्यायाम, आणि तालमीची खोड

रोज दहा-पंधरा मिनिटं. उताणं झोपून एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडं ओढा, वीस सेकंद धरा, मग दुसरा, मग दोन्ही. गुडघे वाकवून झोपा आणि कमरेचा पोकळ भाग गादीला टेकेल असं पोट आत घ्या, पाच सेकंद, दहा वेळा. खुर्चीत बसून हात घोट्यांकडं नेत सावकाश वाका. पाठीमागं भिंत असलेल्या खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा, जमतील तेवढ्या. यानं मांड्या टिकतात. आणि घरातली उभी सायकल, किंवा रस्ता शांत असेल तर खरी सायकल. ताठ चालण्यात जो दम कमावता येत नाही, तो इथं येतो. हाडं ठिसूळ झाली असतील, मणक्याचं जुनं फ्रॅक्चर असेल तर पुढं वाकायचे व्यायाम विचारल्याशिवाय करू नका.

आता खोड. कोल्हापुरात साठीच्या पुढचा प्रत्येक तिसरा माणूस 'आम्ही तालमीत जोर मारलेत' असं सांगतो, आणि कंबर दुखली की परत जोर मारायला लागतो. जोराच्या शेवटी छाती वर येते आणि कंबर मागं कमान होते. स्टेनोसिसला नेमकी तीच कमान नको असते. सूर्यनमस्कारात हात वर करून मागं झुकणं आणि भुजंगासन, या दोन जागा अशाच. शलभासन, धनुरासन, उष्ट्रासनही नको. चकती सरकलेल्या तरुणाला जे व्यायाम सांगतात ते पुष्कळदा मागं वाकायचे असतात, म्हणून पुतण्याच्या फिजिओथेरपीचा कागद काकांनी वापरू नये. हाडवैद्याकडून मणका 'बसवून' घेणं, पाठीवर पोराला उभं करणं, हे तर नकोच. हलकं मालीश सुख देतं, घ्या. त्यानं वाट रुंद होत नाही एवढं लक्षात असू द्या. कमरेचा पट्टा लांबच्या प्रवासापुरता. दिवसभर बांधला तर पोटा-पाठीचे स्नायू आळशी होतात.

गोळी, सुई, ऑपरेशन

गोळ्यांबद्दल फार आशा नको. पॅरासिटामॉल थोडं सुसह्य करतं. दुकानातून स्वतःच आणलेल्या पेनकिलरनं किडनी, पोट आणि ब्लडप्रेशर बिघडतं, वय झाल्यावर तर लवकरच. गॅबापेंटिन, प्रेगाबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी काहींच्या मुंग्या कमी होतात, पण गुंगी येते. मी प्रेगाबालिनवर असताना पहाटे न्हाणीत पडता पडता वाचलो आणि डॉक्टरांना सांगून बंद केलं. आपल्या मनानं एकदम बंद करू नका.

पाठीत देतात ते स्टिरॉइडचं इंजेक्शन काहींना काही आठवडे आराम देतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ४०० रुग्णांच्या अभ्यासात, सहा आठवड्यांनी पाहिलं तर स्टिरॉइड घातलेल्या सुईचा नुसत्या बधिर करणाऱ्या औषधापेक्षा म्हणण्यासारखा जास्त फायदा दिसला नाही. मधुमेह असेल तर सुईनंतर काही दिवस साखर चढते, ग्लुकोमीटर जवळ ठेवा.

ऑपरेशनमध्ये मागच्या हाडाचा आणि जाड झालेल्या लिगामेंटचा भाग काढून वाट मोकळी करतात. मणका सरकत असेल तर स्क्रू घालून जोडावाही लागतो. पायांचं दुखणं आणि चालणं यात बऱ्याच जणांना चांगला फरक पडतो. नुसत्या कंबरदुखीसाठी मात्र त्याचा भरवसा धरू नका, आणि जुना बधिरपणा राहू शकतो. जंतुसंसर्ग, नसांच्या आवरणाला छेद, रक्ताची गुठळी हे धोके डॉक्टरना स्पष्ट विचारा. 'स्क्रू का हवेत, त्याशिवाय चालेल का?' हाही प्रश्न विचारा, आणि उत्तरावर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन आणि ते रुग्णालय बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) रेशनकार्ड, आधारकार्ड दाखवून भरती व्हायच्या आधीच विचारायचं.

माझं आणि माझ्या डॉक्टरांचं एक ठरलंय. सलग चालणं पाच मिनिटांच्या खाली आलं आणि व्यायाम करूनही तीन महिने तिथंच राहिलं, तर ऑपरेशनची तारीख घ्यायची. दर रविवारी सकाळी गर्दी व्हायच्या आधी रंकाळ्यावर जाऊन मी आकडा मोजतो. वही सुरू केली तेव्हा तो सहा होता. मध्ये एकदा चारवर आला, पावसाळ्यात घरात बसून राहिलो होतो तेव्हा. या रविवारी अकरा.